कुंचला, कांच आणि कॅमेरा

मायकेलँजेलो १५६४ सालीं वारला. मरणापूर्वीं त्यानें आपलीं पुष्कळशीं रेखाटनें आणि कच्चे आराखडे आगींत टाकले, असें त्याचा चरित्रकार वासारी सांगतो, आणि त्याचें कारणहि देतो. आपण किती कष्ट उपसले, कितीदां चुकलों, बुद्धीस किती ताण दिला, हें मागाहून कोणास कळूं नये. लोकांपुढें पूर्ण झालेली निर्दोष कृति तेवढीच राहावी, ही त्यामागची इच्छा. आमच्याकडे पंगतीस बसलेल्या पाहुण्यानें स्वयंपाकघरांत डोकावणें अशिष्टपणाचें मानीत, त्यांतलाच हा प्रकार. पान वाढलेलें पाहावें, चूल पाहूं नये.

गेल्या शंभरांहून अधिक वर्षांत ही रीत पार पालटली आहे. आतां पाहुणा सरळ चुलीपाशींच जाऊन बसतो, आणि यजमानहि त्यास पाट मांडून देतो. हा पालट घडवून आणण्यांत कलासमीक्षकांचा वांटा थोडा, कॅमेऱ्याचा मोठा. हयात असलेल्या चित्रकाराच्या किंवा शिल्पकाराच्या कामाच्या जागीं जाऊन, तो काम करीत असतां त्याचें चित्रण करावयाचें, अशा चित्रपटांची एक परंपराच आतां तयार झाली आहे. त्यांस अनुबोधपट म्हणावें कीं माहितीपट, हा शब्दांचा वाद आम्ही बाजूस ठेवतों. आम्हांस पाहावयाचें आहे तें एवढेंच कीं, या कॅमेऱ्यानें कलावंताच्या कामाबद्दल आम्हांस खरोखर काय सांगितलें, आणि सांगतां सांगतां त्या कामाचें व काम करणाराचें काय केलें.

या परंपरेचा आरंभ कलाप्रेमांतून झाला असें कोणी मानीत असेल तर तें अर्धेंच खरें आहे. तो झाला महायुद्धांतून. ऑक्टोबर १९१४ मध्यें जर्मनीतील त्र्याण्णव विद्वानांनीं व कलावंतांनीं सुसंस्कृत जगास उद्देशून एक जाहीरनामा काढून आपल्या राष्ट्राच्या वर्तनाचें समर्थन केलें. त्यास फ्रान्सकडून उत्तर द्यावें, आणि तें शब्दांनीं न देतां माणसें दाखवून द्यावें, अशी कल्पना साशा गित्री या तीस वर्षांच्या नट-नाटककारास सुचली. त्यानें कॅमेरा घेतला व तो आपल्या देशांतील थोर वृद्धांच्या दारीं गेला. ‘आमच्या घरचीं माणसें’ अशा अर्थाचें नांव असलेला त्याचा लहानसा मूकपट २२ नोव्हेंबर १९१५ रोजीं पॅरिसमध्यें दाखविला गेला. पडद्यावर ओंठ हालत, आणि गित्री स्वतः बाजूस उभा राहून त्या ओंठांचे शब्द बोलून दाखवी.

त्या चित्रपटांत गिव्हर्नीच्या बागेंत तळ्याकांठीं रंगवीत बसलेला मोने आहे. देगाने भेट नाकारली. तेव्हां गित्रीनें त्या दृष्टि मंदावलेल्या म्हाताऱ्यास रस्त्यानें चालतांना कांहीं क्षण टिपून घेतलें. (हें उचित झालें कीं नाहीं, हा प्रश्न तेव्हां कोणी विचारला नसावा. आज विचारावासा वाटतो.) पण इतिहासाच्या दृष्टीनें खरी मोलाची आहेत तीं रेनुआरचीं दृश्यें. संधिवातानें त्याचीं बोटें वांकडीं होऊन तळव्यांत वळलेलीं. धाकटा मुलगा क्लोद, वय वर्षें चौदा, शेजारीं बसून त्याच्या हातांत कुंचला देतो, आणि तो हात कुंचला घट्ट धरून चपळाईनें चालूं लागतो. रेनुआरच्या लुळ्या हातास कुंचला बांधावा लागे, ही आख्यायिका पुस्तकापुस्तकांतून फिरत आली आहे. हाताभोंवतीं फडकें होतें हें खरें. पण तें कातडीच्या रक्षणासाठीं होतें. कुंचला तो धरीत होता. एवढी गोष्ट त्या थोड्या फुटांच्या फितीनें कायमची सिद्ध करून ठेवली. रेनुआर पुढें १९१९ सालीं वारला.

त्याच चित्रपटांत रोदँ हातोडी आणि छिन्नी घेऊन संगमरवर तासतांना दिसतो. दृश्य मोठें उमदें आहे. दाढीवाला ऋषि, पांढरा दगड, उडणाऱ्या कपच्या. अडचण इतकीच कीं, रोदँ तसा काम करीत नसे. तो मूर्ति घडवी ती मातींत. संगमरवरांत ती उतरविण्याचें काम बहुतांशीं त्याच्या पदरचे कारागीर करीत. लोकांच्या मनांतला शिल्पकार छिन्नी चालवितो, म्हणून कॅमेऱ्यापुढें रोदँनेंहि छिन्नी चालविली. एकाच चित्रपटांत एका कलावंताविषयींची दंतकथा खोटी ठरते आणि दुसऱ्याविषयींची नवी जन्मास येते, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. कारण या सगळ्या परंपरेचा गुण आणि दोष तिच्या जन्मदिवशींच असा शेजारीं शेजारीं बसलेला आहे.

येथें आमच्या घरच्या एका माणसाचें नांव घेणें प्राप्त आहे. दादासाहेब फाळके हे मूळचे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे विद्यार्थी. त्यांनीं १९१७ च्या सुमारास चित्रपट कसा तयार होतो हें दाखविणारा एक छोटा पट काढला. त्यांत नटांकडून काम करवून घेणारे, फीत हातांत धरून निरखणारे फाळके स्वतः दिसतात. हेतु साधा, लोकांचें कुतूहल भागविण्याचा. पण आपली चूल आपणच उघडी करून दाखविणारा कलावंत म्हणून त्यांस या इतिहासांत जागा दिली पाहिजे. छिन्नीची ऐट मिरविणाऱ्या रोदँपेक्षां फीत तपासणारे फाळके आम्हांस अधिक विश्वसनीय वाटतात.

जर्मनीत १९२० नंतर हान्स क्युर्लिस या कलेतिहासाच्या पंडितानें हाच विषय अगदीं निराळ्या रीतीनें हातीं घेतला. त्याच्या चित्रमालेचें नांव ‘निर्माण करणारे हात’. नांवाप्रमाणेंच तिच्यांत चेहऱ्यांस महत्त्व नाहीं. कॅमेरा कलावंताच्या खांद्याशीं, आणि पडद्यावर कागद व हात. लीबरमान, कोरिंट, कांडिन्स्की, तार वांकवून आकृति करणारा तरुण काल्डर, असे अनेकांचे हात त्यानें नोंदवून ठेवले. यांतला लीबरमान हा गित्रीनें ज्यास उत्तर दिलें त्या जाहीरनाम्यावर सही करणारांपैकीं एक! राष्ट्रांच्या भांडणांतून निघालेली ही विद्या दहा वर्षांत अशी निर्वैर झाली. मात्र क्युर्लिसची माला पाहतांना शास्त्रीय प्रयोगशाळेंत बसल्यासारखें वाटतें. हात दिसतो; तो कां थांबला हें कळत नाहीं.

हात कां थांबतो, या प्रश्नाला पहिला धक्का दिला तो १९४६ सालच्या एका फ्रेंच चित्रपटानें. फ्रान्सवा कांपो यानें मातिसचें चित्रण केलें, आणि कांहीं भाग मंदगतीनें दाखविला. नुसत्या डोळ्यांस मातिसचा कुंचला झटकन् कागदावर उतरलेला दिसे. मंदगतींत तोच कुंचला हवेंत घुटमळतो, इकडे झुकतो, तिकडे झुकतो, एखादी रेघ काढल्यासारखें करून मागें येतो, आणि अखेर एकाच ठिकाणीं जाऊन टेकतो. स्वतः मातिस हें पाहून अस्वस्थ झाला. चारचौघांत आपले कपडे उतरविल्यासारखें त्यास वाटलें. आपला हात आपणांस न सांगतां एवढा प्रवास करून येतो, हें त्यास वयाच्या शहात्तराव्या वर्षीं कॅमेऱ्यानें सांगितलें.

तत्त्वज्ञ मेर्लो-पोंती यानें पुढें या दृश्याचा विचार केला, आणि तो आम्हांस या सबंध विषयांतील सर्वांत शहाणपणाचा वाटतो. त्याच्या म्हणण्याचा आशय असा कीं, मंदगतीनें आपली फसवणूक होण्याचा संभव आहे. मातिसपुढें असंख्य रेघा होत्या व त्यांतून त्यानें एक निवडून काढली, असें ती फीत पाहून वाटतें. पण मातिस त्या लांबविलेल्या काळांत वावरतच नव्हता. तो माणसाच्या काळांत, माणसाच्या गतीनें काम करीत होता, आणि तेथें ती गोष्ट एका हालचालींत उरकली होती. तरी घुटमळणें खोटें नव्हतें. हाताचें तें घुटमळणें आणि हाताचा तो निर्णय हीं दोन्ही एकाच क्षणीं खरीं होतीं. गवई समेवर येतो तेव्हां मधल्या मात्रा तो मोजतो कीं नाहीं, असें आम्ही कधीं कधीं वर्गांत विचारतों. मोजतो म्हणावें तरी पंचाईत, न मोजतो म्हणावें तरी पंचाईत.

आतां आम्ही अशा प्रसंगाकडे येतों कीं, जेथें पाहण्याचें मोल फार जबर पडलें, निदान तसें पुष्कळांचें मत आहे. न्यूयॉर्कजवळील लाँग आयलंडवर स्प्रिंग्ज नांवाच्या खेड्यांत जॅक्सन पोलॉक हा चित्रकार राहत असे. कोठारवजा जागेंत जमिनीवर भलें मोठें कापड पसरावयाचें, आणि डब्यांतून काठीनें किंवा वाळून ताठ झालेल्या कुंचल्यानें पातळ रंग उचलून तो वरून ओघळूं द्यावयाचा, ही त्याची पद्धति. त्यावेळच्या अमेरिकनांस तिचें केवढें नवल वाटलें! आमच्या भगिनींस तितकें वाटणार नाहीं. जमिनीवर वांकून, बोटांतून रांगोळी सोडीत, चहूंकडून फिरत चित्र पुरें करणें हें त्या पिढ्यान्‌पिढ्या करीत आल्या आहेत. पोलॉकनें स्वतःहि आपल्या देशांतील मूळ रहिवाशांच्या वाळूच्या चित्रांचा या संबंधांत उल्लेख केला होता.

१९५० च्या जुलैंत हान्स नामुथ हा छायाचित्रकार त्याच्याकडे गेला. चित्र संपलें आहे, आतां काढण्यासारखें कांहीं नाहीं, असें पोलॉकनें त्यास सांगितलें. पण नामुथ सांगतो त्याप्रमाणें, त्या ओल्या कापडाकडे पाहतां पाहतां पोलॉकनें एकाएकीं डबा उचलला आणि तो पुन्हां रंगवूं लागला. नामुथनें शेंकडों छायाचित्रें घेतलीं. पण हालचाल हीच ज्याची कला, त्याचें स्थिर चित्र घेऊन समाधान होईना. म्हणून त्यानें चलच्चित्राचा कॅमेरा आणला. दिव्यांस पैसा नव्हता, तेव्हां चित्रण उघड्यावर, शरद ऋतूच्या शनिवार-रविवारीं होऊं लागलें.

तरी एक गोष्ट साधेना. चित्रकार दिसे तेव्हां चित्र दिसत नसे, आणि चित्र दिसे तेव्हां चित्रकार पाठमोरा. शेवटीं युक्ति निघाली ती कांचेची. पोलॉकनें कांचेवर रंगवावें, आणि नामुथनें खालीं उताणें पडून कॅमेरा वर रोखावा. त्या दृश्यांत आभाळ आहे, आभाळापुढें पोलॉकचा गंभीर चेहरा आहे, आणि आमच्या व त्याच्या मध्यें रंगाच्या धारा, तारेची जाळी, खडे, दोऱ्या येऊन पडत आहेत. यापूर्वीं कोणा चित्रकाराकडे कोणीं चित्राच्या जागेवरून पाहिलें असेल तर तें विरळाच.

पण त्या चित्रपटांत पोलॉकच्याच आवाजांत एक कबुली आहे. कांचेवरच्या पहिल्या चित्राशीं आपला संबंध तुटला, म्हणून तें टाकून दुसरें सुरू केलें, असें तो सांगतो. आमच्या मतें सबंध दहा मिनिटांतलें सर्वांत महत्त्वाचें वाक्य तें हेंच. जो मनुष्य चित्राच्या आंत शिरून काम करी, तो आतां सूचनेप्रमाणें थांबत होता, सूचनेप्रमाणें पुन्हां सुरू करीत होता, आणि चित्रापलीकडून एक डोळा त्यास पाहत होता. संबंध तुटणार नाहीं तर काय?

नोव्हेंबरच्या २५ तारखेस, बोचऱ्या वाऱ्यांत, चित्रण संपलें. पोलॉक घरांत आला आणि त्यानें दारूचा पेला भरला. सुमारें दोन वर्षें तो या व्यसनापासून दूर राहिला होता. त्या रात्रीं पाहुणे जेवावयास बसले असतां नामुथशीं त्याची बाचाबाची झाली, आणि त्यानें वाढलेलें मेज सर्वांच्या अंगावर उलथून दिलें. पुढें तो सावरला नाहीं. त्याच्या हातून चित्रें होणें हळूहळू कमी होत गेलें, आणि ११ ऑगस्ट १९५६ रोजीं मोटारीच्या अपघातांत तो गेला. हें सारें कॅमेऱ्यानें केलें असें म्हणणारे आहेत. आम्ही तितकें म्हणणार नाहीं. व्यसनाचीं मुळें फार खोल होतीं, आणि प्रसिद्धीचा झोत नामुथच्या आधीं, १९४९ सालींच एका मोठ्या सचित्र साप्ताहिकानें त्याच्यावर टाकला होता. परंतु जें काम आपण स्वतःस विसरून करतों, तेंच काम आपणांस पाहत पाहत करून दाखविणें, यांत कांहींतरी खोटें आपल्या हातून होत आहे असा डंख त्या मनास झाला असावा, असें मात्र आम्हांस वाटतें.

जगास याची फिकीर नव्हती. चित्रपट १९५१ च्या जूनमध्यें न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयांत दाखविला गेला. पुढच्याच वर्षीं समीक्षक हॅरोल्ड रोझेनबर्ग यानें, नव्या चित्रकारांचें कापड हें चित्र काढण्याची जागा नसून कृति करण्याचें रंगांगण आहे, अशा आशयाचा आपला प्रसिद्ध निबंध लिहिला. कृतीलाच कला मानणारे पुढच्या पिढीचे कलावंत पोलॉकच्या चित्रांइतकेच, किंबहुना अधिक, नामुथच्या चित्रणावर पोसले गेले. ती कांच मात्र आज ओटावाच्या राष्ट्रीय चित्रसंग्रहांत आहे, आणि तिच्या आरपार पाहतां येतें.

पिकासोवर असला डंख बसण्याची भीति नव्हती. तो जन्माचाच नट. बेल्जियमच्या पॉल हेसार्ट्सनें त्यास कांचेवर रंगवावयास लावलें होतें; पण १९५५ च्या उन्हाळ्यांत नीस येथें आंरी-जॉर्ज क्लूझोनें जें केलें त्यापुढें तें बाळबोध ठरलें. अमेरिकेहून आलेली एक शाई कागदांतून पलीकडे पाझरत असे, पण पसरत नसे. कागदाच्या पाठीमागें कॅमेरा ठेवला म्हणजे ना हात दिसे, ना चेहरा. कोऱ्या पडद्यावर रेघा आपल्याआपण उमटत. फुलाचा मासा होई, माशाचा कोंबडा होई. आणि हा कॅमेरा चालविणारा कोण? क्लोद रेनुआर, म्हणजे गित्रीच्या चित्रपटांतील त्या वृद्ध रेनुआरचा नातू. ज्या काकानें वडिलांच्या हातांत कुंचला दिला, त्याच्याच नांवाच्या पुतण्यानें चाळीस वर्षांनीं दुसऱ्या एका म्हाताऱ्याच्या रेघा टिपल्या.

‘पिकासोचें रहस्य’ हा चित्रपट १९५६ सालीं कान येथें गौरविला गेला, आणि १९८४ मध्यें फ्रेंच सरकारनें त्यास राष्ट्रीय ठेवा ठरविलें. समीक्षक आंद्रे बाझँनें त्यावर फार मार्मिक लिहिलें. पूर्वीं आपण समजत होतों कीं मधल्या अवस्था या शेवटच्या चित्राकडे जाणाऱ्या पायऱ्या होत; हा चित्रपट दाखवितो कीं त्या स्वतःच चित्रें आहेत, आणि पुढच्या चित्रानें त्यांस गिळून टाकलें आहे. हें खरें आहे, आणि पाहतांना जीव कळवळतो. इतकीं सुंदर चित्रें डोळ्यांदेखत मरतात. क्लूझोनें मात्र जागोजागीं नाटक घुसडलें आहे. फीत संपत आली, पांच मिनिटें उरलीं, साधेल कीं नाहीं, असा गारुड्याचा खेळ त्यानें मांडला नसता तरी चाललें असतें. आम्हांस अधिक भावतें तें समुद्रकिनाऱ्याचें शेवटचें मोठें चित्र. पिकासो तें रंगवितो, खोडतो, पुन्हां रंगवितो, आणि अखेर कबूल करतो कीं हें बिघडत चाललें आहे, आतां नवें कापड घ्यावें हें बरें. रहस्य कांहीं उलगडत नाहीं. पण एवढा मोठा मनुष्य हरतांना दिसतो, आणि त्याला त्याचें दुःख झाल्यासारखें दिसत नाहीं.

नंतरच्या काळांत या विषयावर उदंड चित्रपट निघाले. त्यांतील दोनच सांगतों. स्पेनच्या व्हिक्तोर एरिसेनें १९९० च्या शरदांत आंतोनियो लोपेस या चित्रकाराचें, बिहीचें एक झाड रंगवीत असतांचें चित्रण केलें. लोपेस ओळंबा लावतो, पानांवर व फळांवर पांढऱ्या खुणा करतो, म्हणजे फळ वाढून किती खालीं ओथंबलें तें कळावें. पाऊस येतो, ऊन बदलतें, रंगचित्र सोडून द्यावें लागतें. रेखाचित्र घेतो, तेंहि अपुरें राहतें, आणि फळें गळून पडतात. दोन तासांहून अधिक लांबीच्या त्या चित्रपटांत घडत म्हणावें असें याहून फारसें कांहीं नाहीं, आणि तो कंटाळवाणा आहे असें म्हणणाऱ्याशीं आम्ही भांडणार नाहीं. दुसरा २०११ चा, कोरिना बेल्त्सनें जर्मन चित्रकार गेरहार्ड रिश्टरवर केलेला. भला थोरला फळा रंगावरून ओढीत तो थर पुसतो, पुन्हां देतो. आणि मध्येंच थांबून सांगून टाकतो कीं, कोणी पाहत असतां रंगविणें आपणांस साधत नाहीं. पोलॉकला मेज उलथून सांगावें लागलें तें यानें सभ्यपणें सांगितलें, एवढाच फरक.

आमच्याकडे ही परंपरा प्रामुख्यानें सरकारच्या आश्रयानें वाढली. मुंबईस १९४८ सालीं स्थापन झालेली फिल्म्स डिव्हिजन ही संस्था २०२२ मध्यें राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळांत विलीन झाली. मधल्या काळांत तिनें अनेक चित्रकार-शिल्पकारांवर पट काढले. त्यांतील कित्येक जन्मसाल, पदव्या, पारितोषिकें असे नोकरीच्या अर्जासारखे आहेत, हें सांगितलें पाहिजे. हुसेन यांनीं तर १९६७ सालीं कॅमेरा स्वतःच हातीं घेऊन राजस्थानांत एक लघुपट केला व बर्लिनचें सुवर्ण अस्वल मिळविलें. पण तो चित्रकाराविषयींचा नव्हे, चित्रकाराच्या नजरेचा पट. मराठी वाचकांस ‘गुरुदत्त : एक तीन अंकी शोकांतिका’ या पुस्तकामुळें परिचित असलेले अरुण खोपकर यांनीं जहांगीर साबावाला यांच्यावर केलेला १९९३ चा चित्रपट या अर्जवजा पटांहून फार वेगळा आहे, त्यास राष्ट्रीय पारितोषिकहि मिळालें. कलावंताची कामाची शिस्त हीच त्याच्या चित्रांची गुरुकिल्ली होय, हें ओळखून तो काढलेला आहे.

परंतु या सर्वांत आम्ही ज्यास पहिली जागा देतों तो सत्यजित राय यांचा १९७२ सालचा, अवघ्या वीस मिनिटांचा, विनोदबिहारी मुखर्जींवरील चित्रपट. विनोदबिहारी हे शांतिनिकेतनांत राय यांचे गुरु. जन्मापासूनच दृष्टि अधू. एका डोळ्यानें दिसत नसे व दुसऱ्यानें अगदीं जवळचें तेवढें दिसे. अशा दृष्टीनें त्यांनीं १९४७ पर्यंत हिंदी भवनाच्या भिंतींवर मध्ययुगीन संतांचा तो विशाल चित्रपट्ट रंगविला. १९५७ मध्यें शस्त्रक्रियेनंतर उरलीसुरली दृष्टिहि गेली. त्यानंतर ते कागद कापून चित्रें करूं लागले, मेणाच्या लहान मूर्ति करूं लागले, आणि राय कॅमेरा घेऊन गेले तेव्हां कलाभवनाच्या भिंतीसाठीं फरशांचें भित्तिचित्र रचीत होते.

राय यांनीं येथें कांचेची युक्ति केली नाहीं, मंदगति वापरली नाहीं, आणि कींव तर मुळींच येऊं दिली नाहीं. विद्यार्थी या नात्यानें ते साध्या शब्दांत जुनीं चित्रें समजावून सांगतात, आणि मध्यें मध्यें गुरुजी काम करतांना दिसतात. बोटें कडेवरून फिरतात. आकार कोठें वळतो, कोठें संपतो, तें चांचपून ठरतें. मातिसचा हात हवेंत घुटमळला, तो कॅमेऱ्यानें दाखविल्यावर मातिसला कळला. या हाताचें घुटमळणें उघड्यावरच आहे, कारण घुटमळणें हेंच त्याचें पाहणें. पोलॉक आणि रिश्टर यांस ज्या डोळ्याचा जाच झाला, तो डोळा या वृद्धास दिसत नव्हता; आणि तयार झालेला चित्रपटहि त्यांस कधीं पाहतां आला नाहीं. शेवटीं निखिल बॅनर्जींच्या सतारीवर आसावरी सुरू होते. विनोदबिहारी त्यानंतर आठ वर्षें, १९८० पर्यंत जगले.